बाद मत

१

महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे अकरा, आणि चिटणीसबाई गावातली दारं मोजायला निघाल्या, हे सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. बाहेरच्या जगात बाईंचं चष्म्यांचं दुकान. रविवारी ते बंद. मागच्या ज्या खोलीत त्या एरवी गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायच्या, तिथेच, त्याच खुर्चीत बसून त्या डोळ्यांवर तो यंत्राचा जाडजूड चष्मा चढवायच्या आणि गावात उतरायच्या. ‘लोकांना चष्मे लावता लावता ताईलाच लागला,’ असं धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे बाईंची पाठची बहीण. जिभेला हाड नव्हतं तिच्या.

गाव खरं नव्हतं, पण त्याला खोटं म्हणायलाही जीभ रेटायची नाही. एकशे एक घरं, चार गल्ल्या, एक तळं आणि सभेचा चौथरा. ह्या गावाला मालक नव्हता. कुठल्या कंपनीच्या कपाटात ते ठेवलेलं नव्हतं; सभासदांच्याच घरोघरच्या कॉम्प्युटरांत थोडंथोडं वाटलेलं होतं. एकाचा बंद पडला तरी बाकीच्यांच्या जिवावर गाव उभं. मालक नाही म्हटल्यावर भांडणं आली, भांडणं आली म्हणून सभा आली, आणि सभा आली की चिटणीस आलाच. एका घराला एक मत. तळ्यात होड्या सोडायच्या का, पाहुण्यांनी किती दिवस राहायचं, सगळं मतानं ठरायचं. गल्लीतल्या दिव्यांच्या रंगावरून तर तीन महिने हमरीतुमरी झाली होती, आणि शेवटी रंग होता तोच राहिला.

सभेला हजर असेल त्यानं घराचं दार उघडं ठेवायचं, ही तिथली रीत. किती दारं उघडी, हे यंत्रानं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं असतं. पण गाव वसवणाऱ्यांनी हट्टानं नियम केला, की हजेरी यंत्राची नाही, माणसाची. चिटणीसानं चारही गल्ल्या पायी हिंडायच्या, एकेका दारासमोर थांबायचं आणि मोठ्यानं सांगायचं. त्यानं ‘उघडं’ म्हटलं तर उघडं, ‘बंद’ म्हटलं तर बंद. लागोपाठ तीन सभा बंद राहिलेलं घर मोकळं व्हायचं. घर नाहीसं आणि त्या जागी गवत. नियम कडक होता, पण बाईंना तो पटायचा. नियमावर बोट ठेवून बोलणारी बाई म्हणून त्यांचा गावात दरारा होता, आणि खोटं कशाला बोला, त्यांना तो दराराही आवडायचा.

२

धाकटी वारली त्याला चौदा महिने झाले होते.

ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कामाला होती. गावातलं तिचं घर तिसऱ्या गल्लीच्या टोकाला. त्यात तिनं एक जिना काढला होता. सात पायऱ्या चढायचा आणि हवेतच थांबायचा. वर मजलाच नव्हता. ‘वर काय करायचंय ते अजून ठरलं नाही,’ म्हणायची. मग दुखणं आलं, आणि ते ठरवायचं राहूनच गेलं.

शेवटच्या आठवड्यात तिनं हॉस्पिटलच्या एका कागदामागे आपल्या घराची किल्ली लिहून दिली. किल्ली म्हणजे बारा शब्द, ते ओळीनं सांगितले की दार उघडतं. कागद बाईंच्या मुठीत कोंबून ती म्हणाली, “माझं घर मोकळं करायची वेळ आली ना, की तूच कर ताई. दुसऱ्या कुणाचा हात नको लागायला.”

बाई “हो” म्हणाल्या होत्या. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार!

दोन सभा ते दार बंद राहिलं. तिसऱ्या सभेच्या सकाळी बाई तो कागद मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या, आणि मग कुंपणानंच शेत खाल्लं. धाकटीची किल्ली लावून त्यांनी तिचं दार उघडलं, तिच्या नावानं मत टाकलं, गावाबाहेर आल्या, स्वतःची किल्ली लावून पुन्हा गावात उतरल्या आणि चालत तिसऱ्या गल्लीत जाऊन म्हणाल्या, “उघडं.” आवाज जरासुद्धा हलला नाही. सभा संपली तसं दार आपोआप लागलं. पुढे तो क्रमच पडला. दोन सभा बंद, तिसरीला उघडं. असं चार वेळा केलं.

तेराव्या सभेला ती पाळी नव्हती. कागद दुकानातल्या कपाटात, चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत होता. बाईंनी पहिल्या दोन गल्ल्या मोजल्या, तिसरीत वळल्या, आणि टोकाचं दार सताड उघडं होतं.

बाई थांबल्या. मागून येणारी माणसंही थांबली. “उघडं,” बाई म्हणाल्या, कारण उघडं होतं.

त्या दिवशी तळ्याचा अर्धा भाग बुजवून मैदान करायचं का, ह्यावर मत होतं. बाईंनी ‘हो’ टाकलं होतं, आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं. मतं झाली की कुणी काय टाकलं ते फक्त चिटणीसाला दिसायचं. मताखाली कारण लिहायला एक ओळ मोकळी असायची. कुणी लिहायचं नाही. एकटी धाकटी लिहायची, दर वेळी. बाई यादी वाचत खाली आल्या, आणि तिच्या घरासमोर ‘नाही’ होतं. खाली ओळ होती.

‘ताई हो म्हणणार, म्हणून माझं नाही.’

३

बाई भित्र्या नव्हत्या. त्यांनी आधी मनात हिशेबानं सगळे संशयित उभे केले. कागद कुणी पाहिला असेल? दुकान झाडायला येणारी बाई? तिला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हॉस्पिटलातली नर्स? कुणाला काय पडलंय! बरं, किल्ली कुणाला मिळालीही असेल. पण ताई ‘हो’ म्हणणार हे कुणाला ठाऊक, आणि ठाऊक असलं तरी त्यावर असं बोलणार कोण? आपणच भ्रमिष्टासारखं लिहिलं आणि विसरलो, असंही त्यांनी धरून पाहिलं. आदल्याच दिवशी त्यांनी तेरा गिऱ्हाइकांचे डोळे तपासून अचूक नंबर काढले होते. भ्रमिष्टाला ते जमत नाही.

शेवटी त्या गवंड्याकडे गेल्या. गवंडी हे त्याचं गावातलं टोपणनाव. गावाच्या भिंती, दारं, रस्ते ज्या हुकुमांवर चालायचे ते दुरुस्त करणारा तो. बाहेर तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारच्या सुट्टीत तो लिफ्टच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता.

बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चारही वेळांचं.

“ठाऊक आहे,” गवंडी म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“चार वेळा तुमच्याच कॉम्प्युटरवरून दार उघडलं, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. म्हटलं, बाईंचं माणूस आहे.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आणि पाचव्या वेळी?”

गवंड्यानं कप खाली ठेवला. “पाचव्या वेळी कुणी उघडलंच नाही, बाई. चौथ्यांदा तुम्ही उघडलंत, तेव्हापासून ते लागलेलंच नाही. महिनाभर उघडं आहे. मी जाऊन लावून पाहिलं. लागत नाही.”

“बिघाड असेल.”

“बिघाड मला कळतो हो. हे वेगळं आहे. गावाला डोळे कुठे आहेत? किल्ली लागली आणि चिटणीसानं ‘उघडं’ म्हटलं, की माणूस हजर. तुम्ही चार वेळा सांगितलंत, की ती आहे. गावानं ऐकलं.”

“म्हणजे आता काय करायचं?”

“सोपं आहे. तीन सभा तिथे उभं राहून ‘बंद’ म्हणा. दार उघडं असलं तरी. तुमच्या शब्दावर चालतं सगळं. सुटेल.”

सुटेल, हा शब्द बाईंना अजिबात आवडला नाही. त्या पाय आपटत निघून आल्या.

४

चौदा महिने त्या घराच्या आत गेल्या नव्हत्या. दाराशी जायचं, दार मोजायचं, मागे फिरायचं. आता मात्र दुकान दुपारी बंद असायचं तेव्हा त्या रोज जाऊ लागल्या.

खोली होती तशीच होती. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत कुणीच कधी न नेसलेली हिरवी साडी पडदा म्हणून टांगलेली. गावात आवाज आपोआप होत नाही. कुणीतरी तो घालावा लागतो. धाकटीनं ह्या घरात एकही आवाज घातला नव्हता, बाईंना पक्कं माहीत होतं. ‘माझ्याच तोंडाचा पुरतो की,’ म्हणायची. म्हणून पहिल्या दिवशी वरून आवाज आला तेव्हा बाईंना तो ओळखायला वेळ लागला. कागदावर पट्टी सरकत होती. मग पेन्सिलीची एक लांब रेघ. मग पुन्हा पट्टी.

बाईंनी लहानपणापासून शेजारच्या खोलीतून हा आवाज ऐकला होता. परीक्षेच्या दिवसांत त्या आवाजावर खेकसल्याही होत्या.

“धाकटे,” त्यांनी हाक मारली.

रेघ मध्येच थांबली. बऱ्याच वेळानं पट्टी पुन्हा सरकली, पण आता सावकाश, जसं कुणी अंग चोरून काम करतंय.

जिन्याला आठ पायऱ्या होत्या.

बाईंनी दोनदा मोजल्या. मोजण्यात त्या चुकणाऱ्या नव्हत्या. आठवडाभरानं नऊ झाल्या, मग दहा. नव्या पायऱ्या धाकटीच्या हातच्या वाटत होत्या, पण घाईघाईत काढलेल्या, कडा नीट न जुळवता. त्यांचं तोंड छताकडे होतं. बाईंचं मन मात्र एकच म्हणत होतं, की ती खाली यायला जिना बांधतेय. माझ्याकडे यायला. दुकानात गिऱ्हाइकासमोर बसूनही त्यांना तेच सुचायचं. ती आली की आधी काय बोलायचं, हे त्या ठरवायच्या, मोडायच्या, पुन्हा ठरवायच्या. रागवायचं का? रागवायलाच हवं. एवढ्या लवकर कुणी जातं का! चौदा महिन्यांत पहिल्यांदाच बाईंना सकाळी उठावंसं वाटू लागलं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

५

तशात एका दुपारी दुसऱ्या गल्लीतले मास्तर त्यांना हटकून भेटले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बोलण्यात मोजकं माणूस. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. गावात नवरा-बायकोची घरं समोरासमोर. तिचं दार अधूनमधून उघडं दिसायचं, तेव्हा घरातलं दुसरं कुणी येत असेल, असं बाई धरून चालायच्या.

“बाई, रागावू नका,” मास्तर म्हणाले, “पण आमच्या हिच्या घरातला झोका हलतो.”

“झोका?”

“किल्ली मी लावत होतो. दर तिसऱ्या सभेला. वाटलं होतं, कुणाला कळणार आहे?” त्यांनी हात जोडले. “आता दार लागत नाही. पण बाई, खरं सांगू? मला ते लागायला नकोच आहे. मी रोज समोर बसतो. झोका हलताना बघतो.”

झाकली मूठ उघडली ती अशी. विचारत विचारत गेल्यावर कळलं, की ज्यांचं माणूस गेलं त्या प्रत्येकानं हेच केलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की हे पाप आपलं एकट्याचंच. एकूण अकरा घरं. अकरा दारं, न लागणारी.

बाईंना खरं म्हणजे घाबरायला हवं होतं. त्यांना हायसं वाटलं. सगळ्यांचं होतंय म्हणजे आपल्याला वेड लागलेलं नाही.

घाबरला तो गवंडी. त्यानं पुढच्या सभेसाठी ठराव दिला. ज्या सभासदाचा मृत्यू झाला आहे, त्याचं घर त्याच सभेत मोकळं करावं. ठराव देताना त्यानं कारण सांगितलं ते असं: “मी कामासाठी आडदिवशी गल्ल्यांत असतो. त्या अकरा घरांत पावलं वाजतात. आतून उंबऱ्यापर्यंत येतात. थांबतात. परत जातात. दिवसभर. दार उघडं आहे, आणि त्यांना बाहेर पडता येत नाहीये. माझ्यानं ऐकवत नाही.”

“तुम्हाला काय कळतंय त्यांना काय हवंय ते?” मास्तर कडाडले. सभेत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

“नाही कळत,” गवंडी म्हणाला. “म्हणून तर म्हणतो, मत घ्या. एका घराला एक मत आहे ना? सगळ्यांचं घ्या.”

६

ठरावाच्या दिवशी बाई चारही गल्ल्या हिंडल्या आणि चौथऱ्यावर आल्या. एरवी साठ-पासष्ट दारं उघडी असायची. आज एकशे एकच्या एकशे एक.

मतं झाली. यादी बाईंच्या डोळ्यांसमोर उघडली. घरं मोकळी करावीत, हो, पंचावन्न. नाही, सेहेचाळीस. ठराव पास झाला होता.

बाई खाली खाली वाचत गेल्या. ज्यांचं माणूस गेलं त्या जिवंतांनी ‘नाही’ टाकलं होतं; बाईंनीही. आणि त्या अकरा घरांनी, एकूण एक अकरांनी, ‘हो’ टाकलं होतं. ह्या वेळी अकरांच्याही खाली ओळ होती. कुणाची नुसती ‘पुरे’. कुणाची ‘दमलो’. मास्तरांच्या बायकोची होती, ‘अहो, सोडा आता.’

धाकटीची शेवटी होती. ‘ताई, ह्या वेळी तरी माझ्यासारखं मत दे. छत संपत नाहीये. मला जाऊ दे.’

बाई ती ओळ वाचत उभ्या राहिल्या. जिना कुठे चालला होता हे त्यांना आत्ता कळलं. तिला त्यांच्याकडे यायचंच नव्हतं. इतक्या महिन्यांत बाई अशा रडल्या नव्हत्या, आणि आता यंत्राच्या चष्म्याआड रडत होत्या, तर गावाला फक्त त्यांचा स्थिर चेहरा दिसत होता. समोर मास्तर हात जोडून उभे होते. गवंडी मान खाली घालून.

नियमावलीत एक कलम होतं. ज्या मताबद्दल चिटणीसाला शंका असेल ते मत बाद करण्याचा अधिकार चिटणीसाचा. सहा वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं.

“ह्या सभेत,” बाई म्हणाल्या, “अकरा मतं अशा सभासदांची आहेत जे हयात नाहीत. मेलेल्या माणसाला मत नसतं. ती मतं मी बाद करते. हो चव्वेचाळीस. नाही सेहेचाळीस. ठराव नामंजूर. घरं राहतील.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

गवंडी पुढे आला. तो ओरडला नाही, आणि तेच वाईट होतं. “बाई, मत द्यायला ती मेलेली, आणि घरात कोंडायला मात्र हजर? एक काहीतरी धरा.”

“नियमात बसतं,” बाई म्हणाल्या.

७

सभा पांगायच्या आधीच बाई तिसऱ्या गल्लीकडे धावल्या. लहानपणी निकाल सांगायला धावायच्या, तशा. गल्लीत चिडीचूप होतं. पावलं कुठेच वाजत नव्हती. टोकाच्या घरात पट्टी सरकत नव्हती.

उंबऱ्यावर धाकटी उभी होती.

पाठमोरी. पण बाईंनी पाठीवरून काय, नुसत्या सावलीवरूनही तिला ओळखलं असतं. दुखण्यात गेलेले केस परत आले होते. लांब वेणी, टोकाला नेहमीसारखी विसकटलेली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली, टेबलावर वाकून वाकून झालेला.

“धाकटे,” बाई म्हणाल्या. ठरवलेलं सगळं बोलणं पार उडून गेलं. “धाकटे, मी आलेय ग. राखलं बघ तुझं घर.”

ती हलली नाही. बाई तिच्या अंगावरून आत गेल्या, वळसा घालून तिच्या समोर आल्या, तिचं तोंड बघायला.

समोरूनही पाठच होती. तीच वेणी, तेच खांदे.

बाई पुन्हा बाहेर आल्या. बाहेरूनही पाठ. डावीकडून, उजवीकडून. खोलीत कुठेही उभं राहा, पाठ. शेवटी त्या जमिनीवर बसल्या आणि खालून वर पाहिलं, आणि मग पुढचा बराच वेळ त्यांनी डोळे मिटून घेतले.

“एवढी रागावलीस?” त्या म्हणाल्या. “बोलू नकोस. पण वळ ना ग एकदा. एकदाच.”

महिना असाच गेला. बाई रोज दुपारी जायच्या, तिच्या पाठीशी बसून दुकानातल्या गोष्टी सांगायच्या. मास्तरांनी बायकोच्या समोर बसणं सोडलं. त्यांनी गावच सोडलं. पुढच्या पहिल्या रविवारी अकराला बाई मोजायला निघाल्या तेव्हा अकरा उंबऱ्यांवर अकरा पाठी होत्या, आणि मागून येणारी माणसं त्या घरांसमोर भराभर चालत होती.

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला बाई थांबल्या. तीन सभा, एक शब्द. गवंडी त्यांच्याकडे बघत होता. सगळी गल्ली ऐकत होती, आणि वेणीचं टोक किंचित थरथरलं, असं बाईंना वाटलं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही. मग त्यांच्या मनात आलं, की तीन सभांनंतर इथे नुसतं गवत असेल, आणि त्या गवताशेजारी बसून आपण काय बोलणार?

पाठ तर पाठ.

“उघडं,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडे वळल्या.